पानावर काय ठेवायचं

आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते असं की गादी गच्चीवर न्यायची होती आणि ती नेली नाही.

मंगळवार होता. ऊन कडक होतं. आपली ती कापसाची जुनी गादी, आता तिच्यात कापूस कमी आणि गाठी जास्त, पण वजन होतं तेवढंच. मी पुढे, तू मागे. माझे हुकूम चालू होते. "उचल. उजवीकडं घे. भिंतीला घासू नको. अगं, वर धर की जरा." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तू तुझं टोक सोडून दिलंस. हातातून निसटलं असतं तर मी समजलो असतो. तू सोडलंस.

"काय झालं?"

"काय न्हाय. सोडली."

"अगं, ऊन जाईल!"

"जाऊ द्या. उद्या येतंय की परत."

आणि तू त्या गादीवरच बसलीस, जिन्यात, पाय पसरून. वरच्या मजल्यावरचा माणूस भाजीची पिशवी घेऊन वर चालला होता. त्याला वाट द्यायला तू नुसते पाय जवळ घेतलेस आणि म्हणालीस, "या, बसा जरा." तो बिचारा लाजून निघून गेला. मी दुसरं टोक धरून तसाच उभा. पाच मिनिटं तरी उभा होतो. मग गुडघे बोलायला लागले तेव्हा खाली बसलो. तू हसलीस.

मी हसलो नाही. हसू आलं होतं, हे तुला सांगायचं राहिलं. आलेलं हसू गिळून मी तोंड वाकडं करून बसलो. तुझं हे सोडून देणं आठ महिने मला खुपत होतं, आणि हसलो असतो तर हरलो असतो असं वाटलं. कोणाशी हरलो असतो ते विचारू नको. मलाही माहीत नाही.

जेवण झालं आणि दोन वाजता तू खोलीचं दार लोटून आडवी झालीस ती पुन्हा उठली नाहीस.

आता घरात माणसं येतात, माझ्यासमोर बसतात आणि तुझं कौतुक करतात. कौसाताई म्हणजे चालतं-बोलतं घड्याळ. कौसाताईंनी घर धरून ठेवलं. मी मान हलवतो. खोटं काही नाही त्यात. हडपसरच्या कारखान्यात मी प्रेस मशीनवर तीन पाळ्यांत काम केलं. पहिली पाळी असो नाहीतर तिसरी, मी दारात चपला काढेपर्यंत तव्यावर भाकरी पडलेली असायची. जुन्या खोलीत होतो तेव्हा पाचला नळाला पाणी यायचं म्हणून तू पाचला उठायचीस. धायरीत या फ्लॅटमध्ये आलो, इथं डोक्यावर टाकी आहे, तरी तू पाचला उठून पिंप, हंडा, कळशी सगळं भरायचीस. दुसऱ्या दिवशी ते शिळं झालं म्हणून कुंड्यांना ओतायचं आणि परत भरायचं. मी एकदा म्हटलं, टाकीतलं पाणी काय आज सकाळी आभाळातून पडलंय काय? तर चार दिवस बोलली नाहीस.

संजयचे मोजे कुठल्या खणात, मंगलच्या सासूला काय चालत नाही, माझी कुठली गोळी कधी, कोणाच्या बारशाला काय न्यायचं, सगळं तुझ्या डोक्यात. आणि मसाल्याच्या कपाटाची किल्ली पदराला. सून अकरा वर्षं घरात आहे, ऑफिसात म्हणे वीस माणसं तिच्या हाताखाली आहेत, पण हळद हवी असली तर वैशालीला तुला हाक मारायला लागायची.

मग ते स्वारगेटला झालं. मंगलकडे चालली होतीस, दोन्ही हातांत पिशव्या, एकीत लाडू आणि दुसरीत कुरडया. बस बदलताना तुला गरगरलं आणि तू फलाटावरच खाली बसलीस. पिशव्या सोडल्या नाहीस, हे मला मंगलने नंतर सांगितलं. दवाखान्यात ती पोरगेली डॉक्टरीण तुला म्हणाली, "आजी, सगळ्यांचं करता. आता थोडं स्वतःकडे बघा."

घरी येऊन तू मला विचारलंस, "स्वतःकडे बघायचं म्हणजे काय करायचं हो?"

मी म्हटलं, "आरशात बघ."

मला वाटलं, चांगला विनोद झाला. तू हसली नाहीस. दोन दिवस गप्प गप्प होतीस. तिसऱ्या दिवशी पदराची किल्ली सोडलीस आणि वैशालीच्या हातात दिलीस. ती घाबरली. म्हणाली, "आई, माझं काही चुकलं का?"

तिथून सुरू झालं. पिंप पालथं झालं. उपवास आठवड्याला तीन असायचे, ते सुटले. मंगलला रोज संध्याकाळी फोन करून "आज काय केलंस" विचारायचीस, ते बंद. ती मला फोन करून विचारायची, "आई रागावलीय का?" दुपारी दोन ते चार दार बंद, कोणी हाक मारायची नाही. संध्याकाळी काशाची वाटी घेऊन स्वतःचे तळपाय स्वतः घासत बसायचीस. मी म्हणायचो, महाराणी बसल्या. तू म्हणायचीस, "व्हय, बसल्या."

हे सगळं मी कसंतरी चालवून घेतलं. पण एक दिवस सकाळी वैशाली भाकऱ्या थापत होती आणि तू तिच्यासमोर पाट घेऊन बसलीस आणि पहिली भाकरी तू घेतलीस. माझ्याआधी.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "नवऱ्याला आधी वाढतात, विसरलीस काय?"

तू घास खाल्लास, पाणी प्यायलीस, मग म्हणालीस, "एक्कावन्न वर्षं गार भाकरी खाल्ली. गरम कशी लागती ते बघू द्या की. तुम्हीबी या, बसा."

मी नाही बसलो. मी माझं ताट घेऊन गॅलरीत गेलो, तुमच्याकडे पाठ करून बसलो, आणि भाकरी मुद्दाम गार होऊ दिली. कडक झाली तेव्हा खाल्ली. तुला दिसावं म्हणून. रोज. आठ महिने. एवढा मोठा माणूस, दात हलायला लागलेले, आणि कडक भाकरी चावत भिंतीकडे तोंड करून बसायचा. तू एकदाच विचारलंस, "तुमचं तोंड तिकडं का असतं हो?"

"वारा येतो," मी म्हटलं.

भांडण म्हणून आपलं झालंच नाही. मला ते करायचं होतं. एकदा चहाच्या वेळी मी सरळ विचारलं, "तू एकेक सोडत चाललीस. मला कधी सोडणार तेवढं सांग." तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलणार होतीस, मला दिसलं. तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली. तू पातेलं घेऊन उठलीस. परत आलीस तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरला होता. मला जेमतेम चौथीपर्यंत शाळा, पेपर मी अर्धाच वाचतो, पण त्या दिवशी सगळा वाचला. मग ते राहूनच गेलं.

आता मला कळत नाही की तू काय बोलणार होतीस. दिवसातून दहा वेळा वाटतं, कळलं. आणि मग वाटतं, नाही कळलं.

आणि त्या मंगळवारचं एक. रोज साडेतीनला मी तुझं दार वाजवायचोच. "अगं, चहा." नियम मोडायला म्हणूनच वाजवायचो. त्या दिवशी नाही वाजवलं. जिन्यात तुझ्या शेजारी बसलो होतो त्याचं काहीतरी मनात होतं. म्हटलं, झोपू दे. चार वाजले. साडेचार वाजले. म्हटलं, झोपू दे. पाचला दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीचलाच झालं, झोपेत, तुम्ही उठवलं असतं तरी काही उपयोग नव्हता. सकाळी मला त्यांचं पटतं. संध्याकाळी पटत नाही. आयुष्यात एकदा मी तुझं ऐकलं, तर हे असं. मग मी ऐकायला हवं होतं का नको होतं?

नवव्या दिवशी संध्याकाळी सगळे बसले होते. दुसऱ्या दिवशी दहावा. घाटावर पिंडाशेजारी पान वाढतात, त्यावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. मंगलने वही काढली आणि म्हणाली, "आईला पुरणपोळी आवडायची."

संजय म्हणाला, "पुरणपोळी आबांना आवडते. आई त्यांच्यासाठी करायची."

"मग शेवयांची खीर."

"ती तुला आवडते."

"अळूवडी?"

"अगं, ती मला."

वहीवर काहीच नव्हतं. कोणाला काय आवडतं हे तुला सगळ्यांचं पाठ होतं, आणि तुला काय आवडतं हे कोणालाच सांगता येईना. आम्ही सगळे जेवून उठलो की जे उरायचं ते तू घ्यायचीस. उरलेल्यात आवड कसली दिसणार? तुझा भाऊ, तात्या, म्हणाला, "अक्का लहानपणी सगळं खायची." म्हणजे त्यालाही माहीत नाही.

"आबा, तुम्ही सांगा," मंगल म्हणाली. "तुम्हाला तर माहीत असेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक्कावन्न वर्षं. मी म्हटलं, "मेथीची भाजी." जोरात म्हटलं, म्हणजे कोणी पुढे विचारू नये. मंगलने लिहून घेतलं.

खोटं बोललो. समोर मेथीची जुडी पडली होती, ती दिसली म्हणून बोललो.

दुसऱ्या दिवशी नदीवर घाटावर गेलो. पान मांडलं. भात, वरण, मेथीची भाजी. कावळे भिंतीवर बसले होते, पाच-सहा. बघत होते, पण एकही खाली येईना. तुला माहीत आहे, कावळा शिवला नाही की माणसाचं काहीतरी राहिलंय असं धरतात, आणि मग घरचे एकेक पुढे होऊन कबूल करतात. संजय पुढे झाला. "आई, आबांना काही कमी पडू देणार नाही. गोळ्या वेळेवर देईन." कावळे बसलेले. मंगल हात जोडून म्हणाली, "आई, तुझे सगळे उपवास आजपासून मी धरते." कावळे बसलेले. तात्या तर मोठ्याने म्हणाला, "अक्का, पिंप रोज भरून ठिवतो! पहाटं पाचला! काळजी करू नगंस!"

मला वाटलं, आता तूच त्या भिंतीवरनं उडून जाशील. जे जे तू खाली ठेवलंस ते सगळं उचलून ही पोरं परत तुझ्या गळ्यात घालत होती. आणि ती रडत होती गं, खरंच रडत होती. त्यांना मी काय बोलणार?

गुरुजी म्हणाले, "आजोबा, तुमचं काही असेल तर बोलून घ्या. मोठ्याने बोला, मनातलं कावळ्याला ऐकू जात नाही. मागे तीन घरं थांबली आहेत."

मी पुढे झालो. बोललो, "अगं, मेथीचं मी खोटं बोललो. तुला काय आवडायचं ते मला माहीत न्हाय."

एक कावळा उतरला. माझ्या पायाजवळून चालत चालत गेला, आपल्या पानाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, आणि शेजारच्या लोकांच्या पानावरची जिलबी उचलून उडाला. त्या लोकांनी हात जोडले. त्यांच्यातली एक बाई आमच्याकडे अशी बघत होती, जसं काही आमचा कावळा त्यांनी पळवला.

अर्धा तास वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं. नमस्कार करा."

मी म्हटलं, "असं कसं झालं? तिचं काय राहिलं ते कळायला नको?"

"आजोबा," ते म्हणाले, "एक्कावन्न वर्षं तुम्ही राहिलात त्यांच्याबरोबर. मी तर सकाळी आठला आलोय."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

घरी येताना मी आणि वैशाली रिक्षात होतो, बाकीचे गाडीने गेले. सिंहगड रोडला रिक्षा अडकली. समोर बघत ती म्हणाली, "आबा, आईंना मेथी नव्हती आवडत. कडू लागते म्हणायच्या."

"मग काल बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

रागाने नाही बोलली. पत्ता सांगावा तसं बोलली.

मग तिने सांगितलं. भाकरी तव्यावर टम्म फुगली की तू वरचा पापुद्रा अलगद काढायचीस. त्यावर कच्चं तेल, वर मीठ, बस्स. हात पोळायचा तरी फुंकर मारायची नाहीस. "एकदा म्हणाल्या, हे मला माझी आई द्यायची, लग्नानंतर मी विसरूनच गेले होते. आठ महिने रोज तेच खायच्या, आबा. पोटभर नाही, एक पापुद्रा. मग बाकीचं."

मी म्हटलं, "मग ते ठेवायचं होतं की पानावर."

"ते कसं ठेवणार?" ती म्हणाली. "घाटावर जाईपर्यंत त्याचं चामडं होतं. ते तव्यासमोर बसूनच खायचं असतं."

मी दहा पावलांवर होतो गं. गॅलरी ते तवा, दहा पावलं. मान वळवली असती तरी दिसलं असतं. आणि "तुमचं तोंड तिकडं का असतं" असं तू विचारलंस, ते म्हणजे मला बोलावणंच होतं का? का नुसतंच विचारलंस? "तुम्हीबी या, बसा" हे तर स्पष्टच होतं. ते मला टोमणा वाटलं. मला तुझी साधी बोलणी टोमणे वाटायची, कारण मी स्वतः टोमण्याशिवाय बोलत नव्हतो.

मला वाटत होतं की तू सगळं सोडत सोडत माझ्यापर्यंत येशील आणि मलाही सोडशील. म्हणून मी आधीच पाठ करून बसलो. आता वाटतं, तू हात मोकळे करत होतीस. कशासाठी मोकळे करत होतीस? माझ्यासाठी, असं म्हणावं तर तो माझा मोठेपणा झाला. तुझ्यासाठीच करत असशील. ते बरोबरच आहे. पण मला त्यात जागा होती का नव्हती, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? वैशालीला विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. तिने खरं सांगितलं असतं.

आणखी एक बोलतो, हे कधी बोललो नाही. तीन पाळ्यांत मी जेवढ्या भाकऱ्या खाल्ल्या त्या सगळ्या गरम होत्या, आणि त्यातली एकही कशी लागली ते मला आठवत नाही. तू आठ महिने खाल्लीस आणि तुला चव कळली. ते आठ महिने तू घेतलेस, बरं केलंस. अजून घ्यायला हवे होतेस. मी वाकडं तोंड करून बसलो होतो तरी तू घेतलेस, त्याबद्दल तुला मानलं पाहिजे. माझ्या तोंडाकडे बघून तू उठली असतीस तर आज मला तेवढाही आधार नसता.

काल दहावा झाला. आज सकाळी वैशालीची सुट्टी संपली म्हणून ती ऑफिसला निघाली. मी खाली तिच्या स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो. तिने तोंडाला ओढणी गुंडाळली होती, हेल्मेट हातात.

मी म्हटलं, "तुला काय आवडतं खायला?"

"तुम्हाला काय हवंय आबा? संध्याकाळी करते. आत्ता मीटिंग आहे, उशीर होतोय."

"मला काही नकोय. तुला काय आवडतं?"

"का?"

मला गोड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "उद्या तू गेलीस तर पानावर काय ठेवायचं?"

ती बघतच राहिली. ओढणीतून नुसते डोळे दिसत होते, त्यामुळे ती चिडली का हसली ते कळेना. "आबा," ती म्हणाली, "मी अडतीस वर्षांची आहे."

"मग वेळ आहे अजून. विचार करून सांग."

हेल्मेट घालून ती गेली. मला वाटलं, चुकलं आपलं. सकाळी सकाळी पोरीला काय बोललो. फाटकापाशी तसाच उभा राहिलो. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी तिची स्कूटर थांबली. एक पाय टेकून तिने मागे बघितलं, हेल्मेटची काच वर केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आबा, गोळाभात!"

"काय भात?"

"गोळाभात!" आणि वळून निघून गेली.

ती वर्ध्याकडची. तिकडचं काहीतरी असणार. अकरा वर्षं ती आपल्या घरात राहतेय आणि हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. तुला तरी माहीत होता का गं?

मी चालत कोपऱ्यावर गेलो आणि इस्त्रीवाल्याला विचारलं, "गोळाभात म्हणजे काय असतं रे?" त्यालाही माहीत नव्हतं. मग मी पुढच्या दुकानात विचारायला गेलो.